शेवटची दोन प्रकरणं ऑप्शनला टाकू नका

प्रति,
मराठवाड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य आणि बारावीला गणित शिकवणारे सर्व सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी शिक्षक नाही. कृषी सहायक म्हणून एकतीस वर्षं नोकरी केली आणि मागच्या वर्षी निवृत्त झालो. सगळी नोकरी परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांत गेली. शिक्षण म्हणाल तर दहावीनंतरची दोन वर्षांची कृषी पदविका. बारावीचं गणित माझ्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. ते आता, साठीला टेकल्यावर, भाचीच्या पुस्तकातून आलं. त्या पुस्तकातल्या शेवटच्या दोन प्रकरणांसाठी हे पत्र लिहितोय.

भाची बारावी सायन्सला आहे. तिच्या गावात दहावीपर्यंतच शाळा, म्हणून दोन वर्षं आमच्याकडे राहायला आलेली. जानेवारीतल्या एका रात्री ती गणिताचा दुसरा भाग घेऊन बसली होती आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानांचा गठ्ठा तिनं रबर लावून बंद केला होता. मी विचारलं, "हे काय गं?"

"मामा, हे दोन चॅप्टर ऑप्शनला. सर म्हणले, मार्क थोडे हायेत, वेळ बी उरला नाही. इंटिग्रेशन पक्कं करा."

रबर काढून मी ती पानं चाळली. सातवं प्रकरण संभाव्यता वितरण, आठवं द्विपद वितरण. अकरावीला डिस्पर्शन (आकडे किती पसरलेत ते मोजणं) आणि प्रोबॅबिलिटी (संभाव्यता) होऊन गेली होती, तीही घाईघाईतच. म्हणजे पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'मॅथेमॅटिक्स अँड स्टॅटिस्टिक्स', म्हणजे गणित व संख्याशास्त्र, असं ठसठशीत लिहिलंय आणि बारावीच्या वर्षात त्यातलं संख्याशास्त्र जेवढं म्हणून आहे, ते नेमकं रबराच्या आत बंद होतं.

मला तुम्हा लोकांच्या अडचणी माहीत नाहीत असं समजू नका. जूनमध्ये वर्ग कागदावर सुरू होतात, अर्धी पोरं ऑगस्टपर्यंत शेतात आणि उरलेली क्लासला. निवडणूक, शिबिर, सर्वेक्षण, जिथं मास्तर लागतो तिथं तुम्हालाच पाठवतात. जानेवारी आला की प्रात्यक्षिकं, फेब्रुवारीत लेखी. पुस्तकात जे शेवटी छापलंय ते मागं पडतं, हे मला कळतं. तरीही सांगतो, मागं पाडायचंच असेल तर दुसरं काहीतरी पाडा. का, ते सांगण्यासाठी मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्याचा शेवट होता आणि घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती तपासून मगच पेरा, असं आम्ही गावोगाव सांगत फिरत होतो. चाचणी सोपी आहे. गोणपाटाचा तुकडा ओला करायचा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर बियाणं चांगलं. एका तीन एकरवाल्या शेतकऱ्याच्या ओसरीवर मी स्वतः गुंडाळी उघडली. दोनदा मोजलं. सहासष्ट.

मी म्हणालो, "सत्तर पाहिजेत. सहासष्ट आलेत. हे नका पेरू."

त्यानं मान डोलावली. त्याची बायको चौकटीला टेकून उभी होती, तिनं फक्त एवढंच विचारलं, "चारनं काय होतंय साहेब?" मी म्हणालो, नियम आहे. त्यांनी घरचं बियाणं बाजारात नेऊन घातलं आणि दुकानातून तीन बॅगा उधारीवर आणल्या. थोडंसं घरचं बियाणं त्या माउलीनं मागं ठेवलं होतं, ते तिनं बांधालगतच्या चार तासांत, म्हणजे पेरणीच्या चार ओळींत, टाकलं. जुलैमध्ये मी त्या रानात गेलो तेव्हा विकतची तासं कुठली आणि घरची कुठली, हे मला तिनं सांगेपर्यंत ओळखता आलं नाही.

चारनं काय होतंय? त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा माझ्याकडं नव्हतं. भाचीच्या पुस्तकातल्या आठव्या प्रकरणात ते आहे. नाणं शंभर वेळा उडवलं तर छापा किती वेळा, फासा टाकला तर सहा किती वेळा, अशी तिथली उदाहरणं. मी तिला म्हणालो, नाण्याच्या जागी सोयाबीनचा दाणा धर. उगवला किंवा कुजला, दोनच निकाल. एका दाण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. प्रत्येकाची उगवायची शक्यता ०.७. तिनं वहीत मांडलं: सरासरी १०० गुणिले ०.७, म्हणजे ७०. व्हेरियन्स, म्हणजे आकड्यांच्या पसरटपणाचं माप, ७० गुणिले ०.३, म्हणजे २१. त्याचं वर्गमूळ, म्हणजे प्रमाण विचलन, साडेचारच्या थोडं वर; आकडे सरासरीच्या साधारण तेवढे मागंपुढं होतात. म्हणजे बियाणं अगदी सत्तर टक्के उगवणशक्तीचं असलं, तरी शंभर दाण्यांत नेमके सत्तरच येतील असं नाही. चार-पाच इकडं, चार-पाच तिकडं हे रोजचंच. पुढं हिशेब केला तर असल्या चांगल्या बियाण्यातही सहासष्ट किंवा त्याहून कमी कोंब येण्याची वेळ साधारण पाच चाचण्यांत एकदा येते.

त्या दिवशी मी नको म्हणायला नको होतं. आणखी तीनशे दाणे लावायला सांगायला पाहिजे होतं. बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत चारशे दाणे घेतात, शंभर-शंभरच्या वाट्यांनी, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. चारशे का, हे माहीत नव्हतं. शंभर दाण्यांत साडेचार टक्क्यांची मागंपुढं होण्याची चाल असते, चारशेत ती निम्मी होऊन सव्वादोनवर येते. एवढंच ते कारण. भाचीनं मला ते पाच मिनिटांत काढून दाखवलं, ज्या प्रकरणाला तिनं रबर लावलं होतं त्यातूनच.

सर, मॅडम, माझ्यासारखे शेकडो कर्मचारी, दुकानदार, शेतकरी दर वर्षी असे आकडे मोजतात आणि त्यावर माणसांचे पैसे इकडचे तिकडं होतात. ती माणसं तुमच्याच वर्गातून येतात.

आता दुसरी गोष्ट, पीक कापणी प्रयोगाची. मंडळात पीक किती आलं आणि विम्याची भरपाई द्यायची का, हे त्यावरून ठरतं. हे मी जन्मभर केलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला आलं की महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात, ठरलेल्या संख्येनं कापणी प्रयोग होतात. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात आली, तेव्हापासून महसूल मंडळ हे विम्याचं क्षेत्र असेल तर मुख्य पिकाचे कमीत कमी १० प्रयोग घ्यायचे, असं तिच्यात आहे. कोणत्या गटातलं रान घ्यायचं हे यादृच्छिक संख्येनं, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारख्या, कुणाच्याही मर्जीत नसलेल्या आकड्यानं ठरतं. रानात गेल्यावर नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, लांबी-रुंदी पावलांनी मोजायची आणि पुन्हा यादृच्छिक संख्या घेऊन, इतकी पावलं लांबीकडं, इतकी रुंदीकडं, असं जिथं पोचाल तिथं खुंटी ठोकायची. तिथून दहा बाय पाच मीटरचा तुकडा दोरीनं आखायचा. कर्ण मोजून काटकोन तपासायचा. मग कापणी, मळणी, वजन.

खुंटी ठोकायच्या क्षणी काय होतं ते मी कित्येकदा पाहिलंय. शेतकरी हात धरून म्हणतो, "साहेब, हिकडं चिबडातलं घ्या ना, तिकडलं तर बांधाकडंचं हाय, जोमातलं." विमा कंपनीचा माणूस म्हणतो, मधलं घेऊ, मधलं एकसारखं आहे. सरपंच म्हणतो, दोघांचं राहू द्या, रस्त्याकडंचं घ्या, लवकर उरकेल. आणि मी हातात एक आकडा घेऊन उभा. या आकड्याचं म्हणणं ऐकायचं, माणसांचं नाही, एवढंच मला प्रशिक्षणात सांगितलं होतं. ते का ऐकायचं हे समजावून सांगता येत नव्हतं, म्हणून मी "वरून आदेश आहे" म्हणायचो. आदेश म्हटल्यावर शेतकऱ्याला वाटतं, यात काहीतरी लबाडी आहे.

त्या शेतकऱ्याचा पोरगा तिथंच विळा घेऊन उभा असायचा. बारावी झालेला. वर्गात रँडम व्हेरिएबल, म्हणजे नशिबावर ठरणारा आकडा, शिकलेला असता, तर त्यानं बापाला सांगितलं असतं की बाबा, आकडा जिथं नेईल तिथंच घेऊ द्या. आपल्या हातानं निवडलं की आपलं मन त्यात शिरतं, त्यांच्या हातानं निवडलं की त्यांचं. तुकडा पन्नास चौरस मीटरचा, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. वजनात शंभर ग्रॅमची चूक झाली तर हेक्टरी वीस किलोंची होते. हेही त्यानं वजनकाट्यापाशी उभं राहून सांगितलं असतं, आणि मला जास्त जपून वजन करावं लागलं असतं. मला ते आवडलं असतं.

पिकाची अशी यादृच्छिक कापणी देशात ज्यांनी बसवली, त्यांत साताऱ्याकडच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. १९११ साली खेड्यात जन्मलेला मराठी माणूस, पुढं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचा प्रमुख झाला. आपल्या पोरांना हे नाव कुणी सांगितलेलं नसतं.

प्रयोग झाले, दहा आकडे आले. पुढं काय होतं ते मी भाचीला एका मांडणीतून दाखवलं. आकडे माझ्या मनाचे आहेत, रीत योजनेची आहे. समजा मंडळातल्या दहा रानांचं उत्पन्न हेक्टरी क्विंटलमध्ये असं आलं: ४, ५, ५, ६, ६, ७, ७, १४, १५, १६. शेवटची तीन विहिरीची, तुषार लावलेली. सरासरी येते साडेआठ. उंबरठा उत्पन्न, म्हणजे सरासरी ज्याच्या खाली गेली तरच भरपाई मिळते तो आकडा, काढायला मागच्या सात वर्षांतली चांगली पाच घ्यायची. सात वर्षांचे आकडे १२, ४, ११, ३, १०, १३, ९ असतील तर ३ आणि ४ गळतात, उरलेल्यांची सरासरी ११, आणि जोखीमस्तर, म्हणजे त्या सरासरीचा जेवढा हिस्सा विम्यात धरतात तो, ७० टक्के असेल तर उंबरठा ७.७. साडेआठ हे ७.७ पेक्षा जास्त. म्हणजे त्या मंडळात कापणीच्या हिशेबानं कुणालाही एक रुपया नाही.

पण दहापैकी सात रानं ७.७ च्या खाली आहेत. मध्यक, म्हणजे ओळीतला मधला आकडा, काढला तर साडेसहा येतो.

भाची बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, मीन आणि मीडियन दहावीला केलंय की आम्ही. पण ते कशासाठी दोन-दोन असतात, हे आज कळलं."

सरासरी वाईट आणि मध्यक चांगला, असं मला म्हणायचं नाही. योजनेनं सरासरी घेतली, त्यालाही कारण आहे. अख्ख्या मंडळाचं एकूण पीक किती, हे मध्यक सांगत नाही. पण कोणता आकडा कुणाची गोष्ट सांगतो आणि कुणाची झाकतो, हे ज्याला कळतं तो तहसीलवर नुसता ओरडत जात नाही. "दहाही प्रयोगांचे आकडे दाखवा," असं म्हणत जातो. मी नोकरीत होतो तेव्हा मोर्चे पुष्कळ आले. दहा आकडे मागणारा एकही आला नाही.

पावसाचंही तेच. 'सरासरीच्या शंभर टक्के पाऊस' अशी बातमी छापून येते आणि रान मात्र वाळलेलं असतं. २०२३ चा ऑगस्ट आठवा. दाणा भरायच्या आधीचे ते आठवडे कोरडे गेले. आणि २०२५ च्या सप्टेंबरात नद्या रानात आल्या. या दोन वर्षांची सरासरी काढली तर मराठवाडा सुखी दिसेल. प्रमाण विचलन म्हणजे काय हे ज्या पोराला समजलं, त्याला ती बातमी वाचल्यावर आपोआप पुढचा प्रश्न पडतो, किती दिवसांत पडला? हे अकरावीच्या पुस्तकात आहे. तालुक्याच्या प्रत्येक मंडळात पर्जन्यमापक आहे, त्याचे रोजचे आकडे निघतात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी धरतात. फळ्यावर लिहायला याहून चांगली उदाहरणं बाहेरून आणायची गरज नाही.

आता थोडं इतर शाखांबद्दल.

कॉमर्सच्या गणिताचा दुसरा भाग मी भाचीच्या मैत्रिणीकडून मागून घेतला. विमा, समाश्रयण (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज), कालश्रेणी (वर्षागणिक आकड्यांचा कल), निर्देशांक, संभाव्यता वितरण. शेतकऱ्याच्या घरात हे पुस्तक असावं, इतकं ते कामाचं आहे. पण कॉमर्सला गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेता येते, आणि आमच्या भागात बहुतेक पोरं, त्यातही पोरी, तेच घेतात. "गणितात नापास होशील, त्यापेक्षा सोपं घे," असा सल्ला प्रवेशाच्या टेबलावरच मिळतो. ही मुलगी पुढं पतसंस्थेत, बँकेत, बचत गटाच्या हिशेबाला बसणार आहे. तिला गणित नको, हे आपण तिला न विचारता ठरवतो. आर्ट्सच्या पोरांना बारावीच्या अर्थशास्त्रात निर्देशांकाचं एक प्रकरण भेटतं, तेवढंच. आर्ट्सला गणित घेता येतं हेसुद्धा गावाकडं कुणाला ठाऊक नाही, कारण मी पाहिलेल्या कॉलेजांत ते दिलंच जात नाही.

आणि डॉक्टर होऊ पाहणारी पोरं. लातूर पॅटर्ननं मराठवाड्याचं नाव राज्यात केलं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण नीटसाठी दहावीनंतर गणित सोडलेल्या पोराला पुढं एमबीबीएसमध्ये जैवसांख्यिकी शिकायची असते, आणि नंतर आयुष्यभर चाचण्यांचे अहवाल वाचायचे असतात. दहा हजारांत एखाद्यालाच असणाऱ्या रोगाची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर समोरच्या माणसाला तो रोग असण्याची शक्यता किती? याचं उत्तर पाठ करून येत नाही.

भाषेचंही बोलतो. दहावीपर्यंत मध्य, मध्यक, बहुलक शिकलेली पोरगी अकरावीत येते आणि एका रात्रीत तिथं मीन, मीडियन, मोड होतं. ती वर्गात गप्प बसते, कारण तिला वाटतं हे काहीतरी नवीनच आहे. ही तीच ओळखीची माणसं नवा शर्ट घालून आलीत, एवढं एकदा वर्गात सांगा. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. पाच मिनिटं लागतील.

तुमच्याकडं मागणं काय, तर ही दोन प्रकरणं दिवाळीच्या आधी घ्या. पुस्तकात ती शेवटी छापलीत म्हणून वर्गातही शेवटीच घ्यावी लागतात असं नाही. संभाव्यता वितरणाच्या एका भागात इंटिग्रेशन लागतं, तेवढा तुकडा मागं ठेवा. द्विपद वितरणाला ते लागत नाही. ऑक्टोबरात तालुक्यात कापणी प्रयोग चालू असतात, तेव्हाच हे वर्गात चालू असलं तर पोरं दुपारून रानात जाऊन बघू शकतील. आणि प्रात्यक्षिकाचे जे वीस मार्क आहेत, त्यांची वही आज एकीची बघून दुसरी उतरवते, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. त्या वीसमध्ये एक प्रात्यक्षिक उगवणशक्तीचं ठेवा. वर्गात साठ पोरं असतील तर एकाच पोत्यातलं बियाणं साठ गुंडाळ्यांत लावा, शंभर-शंभर दाणे. सातव्या दिवशी साठ आकडे येतील. कुणाचा ६३, कुणाचा ७८, बहुतेकांचे सत्तरच्या आसपास. ते फळ्यावर टिंबांनी मांडा. द्विपद वितरणाचं मधे उंच, दोन्हीकडं उतरतं टेकाड पोरांच्या डोळ्यांसमोर उभं राहील, आणि पोतं एकच असून आकडे साठ कसे, हे त्यांना कुणी सांगावं लागणार नाही. खर्च म्हणाल तर एक किलो सोयाबीन आणि थोडं गोणपाट.

सीईटीच्या दृष्टीनंही यात तोटा नाही. बारावीचा सगळा अभ्यासक्रम त्यात येतो, आणि ही प्रकरणं न घाबरणाऱ्या पोराला सोपीच जातात. भाचीनं सांगितलेलं सांगतो, तिला आता इंटिग्रेशनपेक्षा याचीच उदाहरणं आधी सोडवावीशी वाटतात.

ज्या सरांनी तिला ऑप्शनला टाका म्हटलं, त्यांच्यावर माझा राग नाही. ते सकाळी सातला कॉलेजात येतात आणि चार वर्गांचं गणित एकटे ओढतात. दुसरी जागा कितीतरी दिवस रिकामी आहे. प्राचार्य साहेब, ती जागा भरून घेण्यासाठी तुम्ही संस्थेकडं आणि संस्थेनं वर जो काही पाठपुरावा करायचा, तो करा. मी या पत्रात एकट्या शिक्षकाकडं बोट दाखवत नाहीये.

माझ्याकडं घरी तीस मीटरचा टेप, चार खुंट्या, सुतळीची दोरी आणि एक वजनकाटा आहे. निवृत्तीनंतर ते माळ्यावर पडलंय. परभणी, हिंगोली, नांदेड, जालना, कुठल्याही कॉलेजातून बोलावणं आलं तर मी एसटीनं येईन. मानधन नको. मैदानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून सुरुवात करू, पोरांनाच आकडा काढायला लावू आणि जिथं तो नेईल तिथं खुंटी ठोकू. गवत असेल तर गवताचं वजन करू. फक्त पहिल्या तासाला ठेवा, दुपारी मला ऊन सोसत नाही.

आपला,
एक निवृत्त कृषी सहायक
जिल्हा परभणी